सहाशे बारा ओळखी आणि दीड मैत्रीण

४ फेब्रुवारी
दुकानातून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (यातली पहिली ‘वि.’ या वेळी खरीखुरी विनंती आहे: पत्र संपेपर्यंत घाबरायचं नाही.)

माझं पत्र बघून तुला वाटलं असेल, या पोपटाला कागद कधीपासून लागायला लागला. तर ऐक. परवा घशाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकातून एक नळी आत सोडली आणि समोरच्या पडद्यावर मला माझेच स्वरतंतू दाखवले. दोन पांढऱ्या दोऱ्या, आणि डावीकडच्या दोरीवर मिरीएवढी गाठ. तीन महिने आवाज घोगरा येत होता, तर गिऱ्हाईकं म्हणत होती की या वयात भारदस्त झाला. मीही फुशारून जात होतो.

वीस तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. पण आजपासून तोंडाला कुलूप, आणि ऑपरेशननंतरही दोन आठवडे. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजणं म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. मी विचारलं, गुणगुणलेलं चालेल का? डॉक्टर म्हणाले, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. तुझा फोन अजून भिंतीला लटकलेला, त्यावर संदेश येत नाहीत, म्हणून हे पत्र.

गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावर कळेल. हे वाक्य मी बारीक अक्षरात लिहिलंय, तूही बारीक आवाजात वाच.

न बोलणारा न्हावी म्हणजे कोरडा नळ. गळ्यात पाटी अडकवून उभा असतो. सकाळी एकाच्या मानेवर कात्री धरून पाटीवर लिहिलं, ‘किती?’ तो घाबरून म्हणाला, बावन्न पूर्ण. वय विचारतोय असं वाटलं त्याला.

दवाखान्यात सोबतीला एक माणूस आणा म्हणालेत. त्याची तू चिंता करू नकोस. काल रिकामपणी माझ्या फोनमधली नावं मोजली, सहाशे बारा भरली. ही गेल्यापासून सहा वर्षांत एक संध्याकाळ दुकान रिकामं राहिलेलं नाही. मला निवड करावी लागणार आहे. तुझ्यावर अशी वेळ आली तर तुझं काय होईल देव जाणे. तुझ्याकडे सगळ्या मिळून दीड मैत्रीण. एक ती छापखान्यातली शुद्धलेखनबाई, जिने माझ्या लग्नपत्रिकेवर लाल खुणा करून ती परत पाठवली होती, आणि दुसरी शिंपीण, जिचा एक कान बहिरा, म्हणून अर्धी.

लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही. काळजी तेवढी कमी करावी.

तुझा मुका
पोपट


९ फेब्रुवारी
घरून

चि. पोपटास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. बारीक अक्षरातलं वाक्य मोठ्याने वाचलं, म्हणजे त्यातली भीती कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

तीन महिने आवाज बसलेला आणि तुला भारदस्तपणा सुचतो? लहानपणी तुला गोवर आला तेव्हाही आरशात बघून रंग छान आलाय म्हणाला होतास. डॉक्टरांचं ऐक. गरम पाण्याची वाफ घे. आणि गप्प बस. हे तुला सांगायची माझी गेल्या पन्नास वर्षांची इच्छा एका डॉक्टरने फुकटात पुरी केली.

माझ्याकडे कोर्टाच्या ग्रंथालयाचे ऐंशी खंड बांधायला आलेत. कणे उखडलेले, शिवण सुटलेली, पानांना कसरीने पाडलेली भोकं. दिवसभर खळ शिजवते आणि पुठ्ठे कापते. पण ते काही पळून जात नाहीत. तू म्हणालास तर मी एकोणीसला येते.

आता तुझ्या सहाशे बारांबद्दल. एक माणूस सोबत न्यायचा तर त्यासाठी निवडणूक घ्यावी लागते, यातच सगळं आलं. पाय घसरला की जे नाव आपोआप तोंडात येतं ते मोज. माझी दीड मला पुरते. शिंपिणीचा उजवा कान गेलाय म्हणून मी तिच्या डाव्या बाजूला बसते, मैत्रीला याहून जास्त काही लागत नाही. आणि मागच्या वर्षी मी नऊ दिवस तापाने पडले होते तेव्हा दुसरी, छापखान्यातली, तिच्याजवळच्या किल्लीने रोज दार उघडून यायची, खोलीला घाण वास येतो म्हणून मला झापायची, खिडक्या उघडायची, मला न विचारता माझे केस विंचरायची आणि निघून जायची. आजारी माणसाची चौकशी केलीन असं एकदाही झालं नाही.

ती बरी असावी.

सोबतीला कोण येणार ते नावानिशी कळव.

आशीर्वाद आहेतच, ते मागायला लागत नाहीत. वाफ मात्र स्वतःची स्वतः घ्यावी लागते.

ताई


१३ फेब्रुवारी
दुकानातून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मुळीच येऊ नकोस. गुरुवारी कोणी यायचं यावरून अकरा जणांत भांडण लागलंय. चिठ्ठ्या टाकायची वेळ आली आहे.

ताई, मला एक भयंकर शोध लागलाय. तीस वर्षं मी बोलत होतो आणि लोक ऐकत होते. आता मी गप्प आहे, तर ते बोलतात. ही माणसं इतकी रटाळ आहेत हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं! वायरमनने त्याच्या मेव्हण्याची स्कूटर चढावर कशी बंद पडते ते चाळीस मिनिटं सांगितलं. उतारावर नीट चालते म्हणे. कुणाची उतारावर चालत नाही? मला उत्तर देता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. औषधांच्या दुकानवाला आला, खुर्ची ओढून म्हणाला की त्याच्या मामालाही अगदी अशीच गाठ होती, त्याच जागी. मग घड्याळात बघितलं, अरे बापरे म्हणाला आणि गेला. पुढे मामाचं काय झालं?

बरं, आता मुख्य गोष्ट. काल अकराच्या सुमारास दुकानाबाहेर एक बाई येऊन उभी राहिली. आत येईना. मान वर करून पाटी वाचत होती. मग आत आली आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली की बाहेर ‘केशकर्तनलाय’ लिहिलंय. मी धावत जाऊन बघितलं. खरंच की! बावीस वर्षं माझ्या डोक्यावर ‘लाय’ लटकतंय आणि सहाशे बारांतल्या एकानेही ब्र काढला नाही. रंगारी स्वतः दर महिन्याला माझ्याकडे दाढी करून जातो.

ती कोण हे तुला आता सांगायला नको. शुद्धलेखनबाई या गावात काय करते आहे? लेकीकडे कायमची राहायला आली आहे म्हणाली, माझ्या दुकानामागच्या दुसऱ्या गल्लीत. येऊन तीन आठवडे झाले. एवढी मोठी बातमी आणि तुझ्या पत्रात ‘ती बरी असावी’? गावात तिला ओळखीचं कुत्रंही नाही, माझ्या दुकानाचा पत्ता तेवढा तिच्या वहीत होता. ताई बरी आहे का, असं तिने विचारलं, आणि मी विचारलं हे तिला कळवू नका असंही बजावलं. मला बोलायची बंदी आहे, लिहायची नाही. म्हणून कळवतो.

काय झालंय तुमचं?

लोभ करावा, निदान माझ्यावर तरी.

पोपट


१७ फेब्रुवारी
घरून

चि. पोपटास,
अ. उ. आ.

झालं असं की ती चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण जायच्या चार दिवस आधी माझ्याकडे आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि म्हणाली की घर सोडलंय, सामान बांधून झालंय, मंगळवारी निघते. मी हातातला पुठ्ठा सरळ कापायचा तो तिरपा कापला. मग मी एक वाक्य बोलले. मी म्हणाले, जा, तिथे तुला प्रुफं सोड, भिंतीवरच्या जाहिरातीसुद्धा कोणी तपासायला देणार नाही. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. मंगळवारी मी तिला पोचवायला गेले नाही. दाबयंत्रात आधीच दाबून झालेली पुस्तकं पुन्हा दाबत बसले.

शिंपिणीला सगळं सांगितलं, पण रागाच्या भरात तिच्या उजव्या बाजूला बसले होते. तिला अर्धंच कळलं, आणि त्या अर्ध्यावरून तिने निकाल दिला की चूक माझी.

मग म्हटलं, तुझा मार्ग धरून बघू. एकसष्टाव्या वर्षी ओळखी करायला निघाले. इथे बागेत संध्याकाळी बायकांचा एक फिरण्याचा गट आहे, चौदा जणींचा. पाच दिवस गेले. आता मला त्यांचे गुडघे पाठ आहेत. कोणाचा डावा, कोणाचे दोन्ही, कोणाचा चढताना, कोणाचा उतरताना. चेहऱ्यांवरून अजून ओळखता येत नाही, त्यामुळे पायांकडे बघून हसते.

तुझ्या अकरा जणांवर माझा काडीचा विश्वास नाही. खोटं बोलताना तू नेहमी नेमका आकडा सांगतोस. वही हरवली तेव्हा सात कुत्र्यांनी खाल्ली होती. तरीही मी येत नाही. तू नको म्हणतोस म्हणून, असं लिहिणार होते, पण तू आजारी आहेस, तुझ्याशी खोटं नको. तिथे ती दिसेल, म्हणून येत नाही. तिला सांग की... नको, काही सांगू नकोस.

गुरुवारी मी दिवसभर फोनजवळ असेन. ज्या कोणाला घेऊन जाशील त्याला मला फोन करायला लाव.

आशीर्वाद नेहमीपेक्षा दुप्पट.

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय (हा शब्द सवयीने पडला. असू दे, खाडाखोड वाईट दिसते),
स. न. वि. वि.

हे पत्र फक्त माहितीसाठी आहे. काल दुपारी फोनवर मी ‘ऑपरेशन नीट झालं’ एवढं म्हणाले आणि तू ‘बरं’ म्हणून ठेवलास. उरलेलं लिहून कळवते.

मंगळवारी तुझा भाऊ लेकीच्या दारात येऊन उभा राहिला. पाटीवर लिहिलं होतं, ‘गुरुवारी मोकळ्या आहात?’ मी म्हटलं, तुमच्याकडे तर अकरा उमेदवार आहेत असं तुम्हीच दुकानात पाटीवर लिहिलं होतं. त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘अकरा नाहीत. एकही नाही. विचारलंच नाही.’

मग स्वयंपाकघरात बसून आम्ही त्याच्या फोनमधली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. प्रत्येक नावापुढे तो पाटीवर शेरा लिहायचा. हा आला तर दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळेल. हा माझ्याआधी रडेल. याला मी हसतानाच बघितलंय. याचं आडनाव काय? शेवटी खरी अडचण बाहेर आली. ऑपरेशनआधी दातांची कवळी काढून सोबतच्या माणसाच्या हातात द्यावी लागते. तुझ्या भावाला कवळी आहे हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसावं. सहाशे बारांपैकी एकालाही नाही. ज्याच्यासमोर कवळी काढता येईल असा माणूस तो शोधत होता, आणि माझी निवड झाली ती, त्याच्याच शब्दांत, ‘तुम्हाला माझ्याबद्दल आधीच फार चांगलं मत नाही’ म्हणून. ‘चांगलं’वरचा अनुस्वार राहिला होता. मी घातला.

तर दोन तास मी कवळीची डबी मांडीवर घेऊन बाहेर बसले होते. नर्सने अर्जावर नातं विचारलं. मी सांगितलं, बहिणीची मैत्रीण. तसा रकाना नव्हता. तिने ‘बहीण’ लिहिलं. चूक दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. केली नाही.

गाठीचा अहवाल तीन मार्चला येईल. तो घाबरला आहे. पाटीवर विनोद लिहितो आणि मी हसेपर्यंत पाटी खाली घेत नाही.

आता एकच वाक्य माझं. मी चार दिवस आधी सांगितलं, कारण चाळीस दिवस आधी सांगितलं असतं तर तू चाळीस दिवस गप्प बसली असतीस, आणि मी गेलेच नसते. लेकीला दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली आहे. मला यायलाच हवं होतं.

लोभाबद्दल वरिष्ठांकडून अद्याप काही सूचना नाही.

तुझी (हेही सवयीने)
मुद्रितशोधक


८ मार्च
दुकानातून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तू बसमध्ये चढलीस, मागे वळून बघितलं नाहीस, आणि तरी तुझ्या हातातली पिशवी बराच वेळ हलत होती. नीट पोचलीस ना?

तू हजर होतीस, तरी मी तुला सगळं परत सांगणार आहे. कारण तुम्ही दोघी एकमेकींकडे न बघण्यात इतक्या गुंतला होतात की तुम्ही कशा दिसत होतात हे फक्त मलाच माहीत आहे.

तू पंचवीसला अचानक दारात उभी. ती आधीच आत, माझं सूप गाळत. नंतरचे पाच दिवस माझ्या घरात दोन पुतळे आणि एक मुका. तू मला सांगायचीस की त्या बाईंना सांग, सूप खारट झालंय. ती मला सांगायची की ताईंना सांगा, चव घशाच्या रोग्यासाठी असते, पाहुण्यांसाठी नाही. आणि मी लिहायचो, पुसायचो, लिहायचो, पुसायचो. गाठ माझ्या गळ्याला आणि भांडण तुमचं! दोन मार्चला सकाळी मी पाटी उचलून माळ्यावर टाकली आणि पांघरूण घेऊन पडलो. मला भीती वाटत होती, ताई. विनोद सुचत नव्हते.

आणि दुपारी दार वाजलं. प्रयोगशाळेतला तो उंच माणूस, ज्याचे कल्ले मी दर पंधरवड्याला सारखे करतो. त्याचं नाव मला आजही माहीत नाही, फोनमध्ये तो ‘कल्ले’ आहे. यादीत माझं नाव दिसलं म्हणून साहेबांची सही घेऊन, एक दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत स्वतः पाकीट घेऊन आला. मी घाबरलेला असेन असं त्याला वाटलं म्हणे. पाकीट देऊन सायकलवर बसून गेला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तू ओळखींना नावं ठेवशील तेव्हा या माणसाला वगळ.

पाकीट मी उघडू शकलो नाही. तुझा चष्मा सापडेना. तिने उघडलं. आणि सवयीप्रमाणे पर्समधून पेन्सिल काढून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. एक पान, ताई! तीन मिनिटं! तेव्हा तू ओरडलीस की वाच ना गं मेले, तो मरेल इथे! ते दीड महिन्यातलं तुमचं समोरासमोरचं पहिलं वाक्य. ती मान वर न करता म्हणाली की यात ‘निरुपद्रवी’चा रु दीर्घ काढलाय, पण गाठ निरुपद्रवीच आहे. मग तुला हुंदका फुटला, तिच्या हातातून पेन्सिल पडली, ती उचलायला तुम्ही दोघी एकदम वाकलात आणि डोकी आपटली. मला हसायची परवानगी नव्हती. पोट धरून नुसता हलत होतो.

त्यानंतर तुम्ही माझ्या उशाशी बसून सलग चार तास बोललात. त्यात मला एकदाही पाणी विचारलं नाहीत.

काल डॉक्टरांनी रोज पाच मिनिटं बोलायला परवानगी दिली. दुकानात तीस जण जमले होते, पहिला शब्द ऐकायला. मी सरळ औषधवाल्याकडे गेलो आणि विचारलं, तुझ्या मामाचं काय झालं? मामा ठणठणीत आहे, गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं. ते लग्न सांगण्यात त्याने माझी उरलेली साडेचार मिनिटं खाल्ली.

साप्ताहिकाचा छापखाना चालवणारा एक मिशीवाला माझं गिऱ्हाईक आहे. तिला तिथे प्रुफांचं काम लागलं. तिने पहिल्याच दिवशी त्याच्या साप्ताहिकाच्या नावातली चूक काढली. तो हादरलाय, पण खूश आहे. आता दर गुरुवारी काम संपलं की ती माझ्या तिसऱ्या खुर्चीत येऊन बसणार आहे. केस कापायचे नाहीत. मी पाच मिनिटं बोलणार, ती त्यातल्या चुका काढणार. रंगारी आता शिडी घेऊन आलाय, ‘लाय’चा ‘लय’ करायला.

मायेत काटकसर नको. इकडून नाही होणार.

पोपट


१४ मार्च
घरून

चि. पोपटास,
अ. उ. आ.

बस वेळेवर पोचली. पिशवी हलत नव्हती, रस्ता खराब होता.

तुला कवळी आहे हे मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तू सफरचंद चिरून खायला लागलास तेव्हाच कळलं. बोलले नाही, कारण तुला ते लपवण्यात मजा येत होती. सहाशे बारांत नसलेली मी एक आहे, हे लक्षात असू दे.

‘कल्ले’ यांना माझा नमस्कार सांग, आणि आधी त्यांचं नाव विचार. लाज वाटायला हवी. माझ्याबद्दल म्हणशील तर मीही जरा नमले आहे. गुडघ्यांपैकी एक काल घरी आली, ‘डावा, चढताना’. माझी खळ ढवळून दिली आणि गुडघ्याबद्दल अक्षर काढलं नाही. तिला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. मैत्रीण म्हणायला निदान तीन-चार भांडणं व्हायला हवीत.

कोर्टाचे खंड संपले. रविवारी दुपारी शिंपीण आली होती. ती तिच्या जागेवर बसली, मी डावीकडे. मधली खुर्ची कोणी हलवली नाही. मला वाटलं होतं, समेट झाला की ती परत येईल. ते काही व्हायचं नाही, हे तिने त्या दिवशी बसस्टॉपवर सांगितलं, आणि या वेळी चार दिवस नाही, चार मिनिटं आधी. नातवंड येणार, काम लागलंय, दुकानात खुर्ची मिळाली आहे. मी बरं म्हटलं. बस सुटल्यावर पहिल्या तीन थांब्यांपर्यंत मी खिडकीबाहेर काय बघितलं ते मला आठवत नाही.

तिची किल्ली मी पाकिटात घालून या पत्रासोबत पाठवते आहे. तिला दे. कधी लागेल न लागेल, पण तिच्याकडे असावी.

आणि आता नीट ऐक, पाच मिनिटांत दहा शब्द कमी बोललास तरी चालेल. गुरुवारी तिला खुर्ची दे. चहा दे, साखर अर्धा चमचा. चुका काढेल त्या काढू दे. पाऊस असला तर गल्लीपर्यंत पोचव. तिला हसव, ती फार कमी हसते आणि आवाज न करता हसते, खांद्यांकडे बघावं लागतं. सहाशे तेराव्या नंबरावर तिचं नाव घाल, माझी हरकत नाही. पण तुझी ती ओळखीची, पोपटा. मैत्रीण माझी आहे.

तिला हे वाचायला देऊ नकोस. दिलंस तर आधी शुद्धलेखन तपासून घे.

ताई